किडनीच्या आजारात अंगावर सूज का येते? मीठ आणि पाण्याचं गणित समजून घ्या

सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ. नडगीवर बोटाने दाबलं तर खड्डा पडतो आणि तो लगेच भरत नाही. अशी सूज हृदय किंवा यकृताच्या आजारातही येते, पण किडनी हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण आहे.

मीठ अडकतं कसं?

निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम रक्तात परत जातं. जेवणातून आलेलं जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी बिघडली की ते शरीरातच साठू लागतं.

सोडियमसोबत पाणीही थांबतं. ढोबळमानाने ९ ग्रॅम मीठ अडकलं, तर एक लिटर पाणी अडकतं. हे पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून त्वचेखाली साचतं आणि रक्तदाबही वाढतो. काही रुग्णांच्या लघवीतून प्रथिनं जातात. तेव्हा लघवीला फेस येतो आणि सूज आणखी वाढते.

सैंधव चालतं का?

नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाच्या रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावं. यात पापड, लोणचं, शेव-फरसाण आणि खारे शेंगदाणे यांतलं मीठही धरायचं. पाणी किती प्यायचं, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

अंगदुखीची गोळी घ्यावी का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि मीठ आणखी अडकवतात. सूज असताना त्या मनाने घेऊ नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

तपासणी कुठे?

सुरुवातीला लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासतात. गंगापूर तालुक्यातलं लासूर स्टेशन मनमाड-छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावर आहे. इथल्या रुग्णांना पुढच्या उपचारांसाठी संभाजीनगरचं शासकीय 'घाटी' रुग्णालय गाठता येतं. डायलिसिसची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे.

आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा लघवी अचानक कमी झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.