हरकतीचा हक्क : गाझियाबादचे नगरनियोजन आणि वस्तीचा सहभाग

नगरनियोजनाचा इतिहास बहुधा योजनाकार, नकाशे आणि अधिनियम यांच्या आधारे लिहिला जातो. ज्यांच्या वस्तीचा नकाशा काढला गेला त्या रहिवाशांना आपले म्हणणे केव्हा, कोणापुढे आणि कोणत्या अधिकाराने मांडता आले, हा प्रश्न त्यात गौण राहतो. वस्तुतः लोकसहभागाच्या चर्चेत हाच प्रश्न मूलभूत मानला पाहिजे. मराठी प्रशासकीय व्यवहारात नागरिकाच्या या म्हणण्याला ‘हरकत’ असे नाव आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘हालचाल’ असा. मराठीत आल्यावर तो ‘अडथळा’, ‘आक्षेप’ या अर्थांनी स्थिरावला. शब्दाचा हा प्रवास नियोजनाच्या इतिहासालाही लागू पडतो. वस्तीच्या घडणीत हालचाल करणारा माणूस आधुनिक कायद्यात शिरला तो आक्षेप घेणारा म्हणून. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादचा इतिहास आणि त्याच्या तुलनेत महाराष्ट्राचा अनुभव पाहिला, तर या स्थित्यंतराचे परिणाम स्पष्ट होतात.

गाझियाबादची स्थापना १७४० मध्ये वजीर गाजीउद्दीन याने केली आणि ‘गाजीउद्दीननगर’ असे नाव दिले. १२० दालनांची प्रशस्त सराई आणि वेशींनी बंदिस्त केलेली वस्ती, असे त्याचे आरंभीचे स्वरूप होते. जुन्या शहरातील वेशींची नावे आजही प्रचारात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, नाव आटोपशीर झाले आणि सराईचे गाव व्यापारी ठाणे बनले. तथापि १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ११ हजारच होती. २०११ मध्ये महापालिका हद्दीतील लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाखांवर गेली. फाळणीनंतरचे स्थलांतर, साहिबाबाद परिसरातील कारखानदारी आणि राजधानीतून बाहेर पडणारा मध्यमवर्ग यांनी ही वाढ घडवली.

याच अठराव्या शतकात पुण्यात पेठा वसत होत्या. पेठ वसवणाऱ्या शेटे-महाजनांना वतन मिळे. नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना काही वर्षे कर माफ करणारा कौल दिला जाई. बाजाराची शिस्त, वजनमापे आणि तंटे यांत शेटे-महाजनांचा शब्द चाले. ही व्यवस्था लोकशाहीची नव्हती. ती वतनी होती, जातिव्यवस्थेच्या चौकटीत होती आणि सत्तेच्या कृपेवर अवलंबून होती. तरीही तिच्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. पेठ वसवणारा आणि पेठेचे पुढे काय होते याला जबाबदार असणारा एकच असे, आणि त्याचे घरही त्याच पेठेत असे. आधुनिक नियोजनात नेमका हाच धागा तुटला.

गाझियाबादच्या बाबतीत तो तुटण्याचा क्षण निश्चितपणे सांगता येतो. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९७७ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याला आधार होता उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियम, १९७३ याचा. या अधिनियमाने महायोजना आखणे, जमीन विकसित करणे आणि बांधकामांना परवानगी देणे ही कामे शासननियुक्त प्राधिकरणाकडे सोपवली. प्राधिकरणाच्या रचनेत स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधींना काही जागा होत्या. परंतु सूत्रे प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. नागरिकाला स्थान मिळाले ते प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यानंतर हरकती व सूचना दाखल करण्यापुरते. हा नमुना दिल्लीचा होता. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९५७ च्या अधिनियमात हीच चौकट आढळते. १९८५ च्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाने गाझियाबादला आणखी मोठ्या नकाशात बसवले. परिणामी वस्तीविषयीचा निर्णय वस्तीपासून दोन पायऱ्या दूर गेला.

१९९२ साली संसदेने संमत केलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे चित्र पालटेल अशी अपेक्षा होती. नगरपालिकांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांच्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूदही या दुरुस्तीने केली. गाझियाबादला महापालिका मिळाली ती ३१ ऑगस्ट १९९४ रोजी. परंतु १९७३ चा अधिनियम कायम राहिला आणि नकाशा प्राधिकरणाच्याच कचेरीत राहिला. एकाच शहरात दोन सत्ता झाल्या : एकीला मतदार होते, दुसरीला जमीन.

या विभागणीचा अर्थ नव्या वसाहतींत दिसून आला. वैशाली आणि इंदिरापुरम या वसाहती प्राधिकरणाने आखल्या, तर वसुंधरा राज्याच्या आवास विकास परिषदेने. इंदिरापुरममधील रहिवासी नगरसेवक निवडून देत होते. मात्र वसाहतीचे रस्ते, गटारे आणि उद्याने महापालिकेकडे हस्तांतरित करण्याचा प्रश्न दोन संस्थांमधील खर्चाच्या वादात अनेक वर्षे रखडला. गटार तुंबले तर तक्रार कोणाकडे करावी, येथपासून रहिवाशांना आरंभ करावा लागे. याच पोकळीत निवासी कल्याण संघटना वाढल्या. त्यांनी दिवाबत्ती, सुरक्षा, उद्यानांची निगा ही कामे हाती घेतली आणि अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला. हे कार्य मोलाचे आहे. पण त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. सदनिकेचा मालक या संघटनेत येतो. भाडेकरू, घरकामगार आणि वसाहतीच्या कडेला राहणारा मजूर बहुधा येत नाही. शिवाय अशी संघटना विनंती करू शकते, आराखडा मंजूर वा नामंजूर करू शकत नाही.

वसाहतींच्या आधी तेथे गावे होती, आणि सुनावणीच्या हक्काची खरी लढाई गावांनी लढली. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात १९२३ साली कलम ५-अ घालण्यात आले. जमीन घेण्यापूर्वी संबंधिताची हरकत ऐकून घेतली पाहिजे, असे हे कलम सांगे. त्याच अधिनियमातील तातडीच्या कलमाने ही सुनावणी टाळण्याची मुभाही शासनाला दिली होती. अपवाद म्हणून ठेवलेली ही मुभा उत्तर प्रदेशात वारंवार वापरली गेली. २००४ मध्ये तत्कालीन गाझियाबाद जिल्ह्यातील बझेडा खुर्द व शेजारच्या गावांची जमीन दादरी येथील नियोजित खासगी वीजप्रकल्पासाठी अशाच रीतीने संपादित करण्यात आली. २००६ मध्ये माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी या शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे नेतृत्व केले. डिसेंबर २००९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तातडीच्या कलमाचा वापर अमान्य केला आणि शेतकऱ्यांना हरकती मांडण्याची संधी पुन्हा खुली केली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील मकोडा गावाच्या प्रकरणात हेच तत्त्व अधिक स्पष्ट केले. नियोजित औद्योगिक विकास हे कारण सुनावणीचा हक्क हिरावून घेण्यास पुरेसे नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि, खासगी कंपन्या व सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी, बाधितांची संमती आवश्यक केली. हरकतीपासून संमतीपर्यंतचा हा प्रवास गावांच्या आग्रहामुळे झाला. शहरी रहिवाशाला मात्र आराखड्याच्या बाबतीत असा संमतीचा हक्क अद्याप नाही.

महाराष्ट्राची कायदेशीर घडण याहून निराळी आहे, म्हणून तुलना उद्बोधक ठरते. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर विकास आराखडा तयार करण्याचे बंधन घातले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने महापालिकेलाच नियोजन प्राधिकरण मानले. म्हणजे येथे हरकत ऐकणारी संस्था मतदारांना उत्तरदायी असणे अपेक्षित होते. या फरकाचा प्रत्यय २०१५ मध्ये मुंबईत आला. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या २०३४ पर्यंतच्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या. अनेक नागरी संघटनांनी त्यापूर्वीच, विद्यमान भूवापराचे नकाशे तयार होत असताना, प्रभागवार बैठका घेऊन त्यांतील चुका दाखवण्यास आरंभ केला होता. नकाशा वाचण्याची सवय लागलेला नागरिक हरकत घेण्यास सिद्ध होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला.

तथापि महाराष्ट्राचे चित्र सर्वस्वी उजळ मानणे योग्य होणार नाही. २०१५ मध्येच पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा महापालिकेच्या हातून काढून राज्य शासनाने आपल्याकडे घेतला. त्यावर नागरिकांनी ऐंशी हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या होत्या. नवी मुंबईचे उदाहरण तर गाझियाबादच्या अगदी निकटचे आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभारण्याचे काम देण्यात आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यातून पुढे आली. महापालिका १९९२ मध्ये आली. पण तिने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तो २०२२ मध्ये. शासननियुक्त संस्थेने वसवलेल्या शहरात निवडून आलेल्या संस्थेकडे नकाशा यावयास तीन दशके लागली, ही बाब गाझियाबादच्या संदर्भात विचार करण्याजोगी आहे.

हरकतीच्या पलीकडचा मार्ग भारतात कधी सुचवलाच गेला नाही, असे नाही. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीस यांनी १९१५ पासून मुंबई इलाख्यातील ठाणे, कल्याण, वांद्रे यांसारख्या गावांची पाहणी केली. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरच्या होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल सादर केला. गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी पडीक घरे तेवढी हटवावीत, विहिरी व वृक्ष राखावेत आणि वस्ती जागीच सुधारावी, असे त्यांचे मत होते. प्लेगने गांजलेल्या इंदुरात दिवाळीच्या सुमारास त्यांनी मोठी मिरवणूक काढली. ज्या भागाने आपली घरे व रस्ते उत्तम स्वच्छ केले असतील त्या भागातून मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर करण्यात आले आणि लोक झाडलोट व रंगरंगोटीस लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराच्या प्रतिमा होत्या. हा प्रयोग दरबाराच्या आश्रयाने झाला. त्याला कायद्याचा आधार नव्हता आणि तो टिकलाही नाही. परंतु रहिवाशाला नकाशा काढण्याआधी भेटावे, हा विचार त्यात होता. १९१५ च्या कायद्याने नागरिकाला हरकतीची मुदत दिली. गेडीस यांनी त्याला काम दिले.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. लोकसहभागाचे मोजमाप दाखल झालेल्या हरकतींच्या संख्येने करणे अपुरे आहे. हरकत ऐकणारा कोणाला उत्तरदायी आहे आणि रहिवासी नकाशापूर्वी येतो की नकाशानंतर, या दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या आहेत. मुंबई पहिल्या कसोटीवर काही अंशी उतरली, आणि दुसरीवर नागरी संघटनांच्या बळावर थोडी पुढे सरकली. गाझियाबादमध्ये गावांनी न्यायालयात जाऊन सुनावणीचा हक्क राखला. परंतु त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींना तो हक्क प्राधिकरणाच्या प्रारूपापुरताच मिळाला. बाराव्या अनुसूचीतील पहिला विषय महापालिकेकडे आणि तिच्या प्रभागांकडे प्रत्यक्षात सोपवला जात नाही, तोवर शेतकऱ्याने मिळवलेला हक्क त्याच्या जागी राहावयास आलेल्या सदनिकाधारकाला आणि भाडेकरूला वारशाने मिळणार नाही.