येझदी दुसरा गिअर का सोडते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरंच कापलंय, तरी थोडं राहिलंच असेल.

आमच्या मारेगावकडे वणी-करंजी रस्ता सोडून पांदणीला लागलं, की पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते. मडगार्ड भरतं, चाक जागच्या जागी फिरतं, मग एकदम पकड मिळते आणि गाडीला झटका बसतो. परदेशात असल्या रस्त्यांसाठी वेगळी डर्ट बाईक घेतात. आपल्याकडे राजदूत, येझदी, आरएक्स 100 यांनीच ते काम केलं, मागे खताचं पोतं घेऊन. तो प्रत्येक झटका शेवटी गिअरबॉक्समध्ये जातो.

आज येझदीबद्दल बोलू, कारण तिच्या गिअरबॉक्सला मोठा इतिहास आहे. प्रागच्या फ्रँटिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मन वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले. यानेचेकचं 'जा' आणि वाँडररचं 'वा', अशी जावा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सरकारी झाली आणि सीझेड या दुसऱ्या चेक कंपनीशी जोडली गेली. ही सीझेड म्हणजे चिखलातल्या शर्यतींची राणी. बेल्जियमचा जोएल रोबेर 1964, 1968 आणि 1969 मध्ये तिच्यावरच 250 सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला.

भारतात मुंबईचे इराणी जावा आयात करायचे. आयातीवर बंधनं आली तेव्हा त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून गाड्या इथेच बनू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. आजही चालणारी सगळ्यात नवी जुनी येझदी पंचविशी ओलांडून गेलेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता आत काय असतं ते बघू. अशा गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्ट असतात आणि गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा दात दातात घुसत नाहीत. फोर्क एक गिअर बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे जाड उंचवटे शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. या उंचवट्यांना डॉग म्हणतात. त्यांच्या कडा किंचित आत तिरक्या कापलेल्या असतात, म्हणजे जोर लावला की पकड आणखी घट्ट होते. या कडा झिजून गोल झाल्या की उलटं होतं. जोर लावला की गिअर बाहेर ढकलला जातो. चढावर 'खट्' करून गाडी न्यूट्रलला येते ती यामुळे.

मग कडा झिजतात कशा? जावा-येझदीत एक खास सोय आहे. किक आणि गिअरचा दांडा एकच, आणि गिअर टाकायला तो हलवला की क्लच आपोआप सुटतो. हाताने क्लच न दाबताही गिअर पडतो. सोय मस्त आहे, पण तिचं ॲडजस्टमेंट बिघडलं की क्लच पुरता सुटत नाही. मग दर वेळी डॉगची कड खाचेच्या कडेवर आपटते. वर्षानुवर्षं हे चाललं, त्यात पांदणीतले झटके, की कड गोल होणारच.

मी दिवसभर कोड डिबग करतो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. लक्षण एका जागी दिसतं आणि कारण दुसरीकडे असतं. म्हणून इंजिन खोलायच्या आधी या गोष्टी बघायच्या.

पहिली, गिअर सुटतो की क्लच घसरतो? इंजिनाचा आवाज वाढला, गाडी पळेना, पण दांडा जागचा हलला नाही, तर क्लच प्लेटा बघा. दांड्याला झटका बसला तर रोग आत आहे.

दुसरी, एकाच गिअरला होतं की सगळ्यांना? एकाच गिअरला होत असेल तर त्याचे डॉग किंवा फोर्क. प्रत्येक गिअरमध्ये घरघर असेल तर बेअरिंगवर संशय घ्या. ठराविक अंतराने टिकटिक येत असेल तर एखादा दात तुटलेला असू शकतो.

तिसरी, ऑइल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधलं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. खालचा नट काढून ऑइल गाळा आणि त्यात चुंबक फिरवा. करडी बारीक पेस्ट असेल तर ती वयाची झीज. चकचकीत कपचे निघाले तर गाडी चालवणं थांबवा. ऑइल कमी होतंय, बाहेर कुठे गळत नाही आणि सायलेन्सर जास्त धूर सोडतोय, तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलंय. इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय आणि गिअर कोरडे पडतायत.

इंजिन खोललंच, तर फोर्कची टोकं बघा. जळून निळी पडली असतील किंवा फोर्क वाकला असेल, तर नुसते गिअर बदलून काही उपयोग नाही, तो नवे डॉगही खाईल. गिअर जोडीने बदला. शिम आणि सर्क्लिप ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा, फोटो काढून ठेवा. आणि केसिंग कायमचं बंद करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवत प्रत्येक गिअर टाकून बघा. आमच्या भाषेत, टेस्ट केल्याशिवाय डिप्लॉय नाही.

आता तो 1996 चा मुद्दा. कारखान्याचे गिअर संपत आले म्हणून पुष्कळ ठिकाणी डॉगवर वेल्डिंग भरून कानशीने आकार देतात. अडलेल्या माणसाची ती गरज आहे, मी हसणार नाही. पण या गिअरचा पृष्ठभाग उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो आणि वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा जातो. गाडी काही दिवस गिअर धरते, मग पुन्हा सोडते, आणि या खेपेला तुकडा शेजारच्या दातांत जातो. मग जी जोडी वाचली असती तीही जाते.

2022 मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं. त्या चांगल्याच असतील, पण जुन्या इंजिनात त्यांचे गिअर बसणार नाहीत. ज्यांच्या घरी आजोबांची येझदी अजून शेतावर जाते, त्यांच्याकडे असलेला गिअरबॉक्सच शेवटचा आहे असं समजून चाला. म्हणून आधी दांड्याचं क्लच ॲडजस्टमेंट तपासा. त्याला एक पाना आणि दहा मिनिटं लागतात. आणि ते बरोबर असलं तरी चिखलात हाताने क्लच दाबूनच गिअर टाका.

तुमच्याकडची कोणती गाडी कोणता गिअर सोडते ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.