धुणे धुणाऱ्या आईची लेक



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वड्यांची कृती मागितली असती तर लगेच दिली असती. पण त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही त्या पेढीवाल्या बाईंची हकीकत सांगितलीत ना, तीच लिहा." म्हणून हे धाडस करीत आहे. माझ्या लेकीने कॉलेजच्या अभ्यासाकरिता ही माहिती मिळविली. ती वाचीत गेली आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकत गेले. मग रात्री वहीत उतरून काढले. सनावळ्या तिच्याकडून तपासून घेतल्या आहेत. भाषा मात्र माझी आहे, ती गोड मानून घ्यावी.

ही हकीकत अमेरिकेतील रिचमंड नावाच्या शहरातली. तेथे १८६४ साली मॅगी नावाची एक मुलगी जन्मली. तिचा वर्ण काळा. त्या देशात काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेण्याची दुष्ट चाल होती, ती मॅगी जन्मल्यानंतर वर्षभराने, १८६५ साली कायद्याने बंद झाली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. त्या वेळी ही मुलगी नऊ वर्षांची होती. कोठे पुणे आणि कोठे रिचमंड! पण दुःखाची ओळख दुःखाला पटते, ती अशी.

मॅगीची आई एका मोठ्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला होती. सावत्र वडील हॉटेलात नोकरीला होते. १८७६ साली ते नदीत मृतावस्थेत सापडले आणि घर उघड्यावर पडले. आईने लोकांचे कपडे धुण्याचे काम पत्करले. बारा वर्षांची मॅगी गोऱ्या लोकांच्या घरचे कपडे आणायची आणि धुतलेले कपडे परत नेऊन द्यायची. धाकट्या भावालाही तिनेच सांभाळले. शाळा मात्र सोडली नाही. १८८३ साली ती शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून शाळेत शिकवू लागली.

तीन वर्षे नोकरी झाली आणि १८८६ साली तिने लग्न केले. यजमानांचे आडनाव वॉकर. लग्न होताच नोकरी गेली, कारण विवाहित बाईने शाळेत शिकवायचे नाही असा तेथला नियम होता. हे वाचताना माझी लेक रागावली. मला राग आला नाही, कारण नवल वाटले नाही. आपल्यापैकी कितीजणींची शाळा नाहीतर नोकरी अशीच बोहल्यावर राहून गेली आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक.

मॅगीबाई घरात बसून राहिल्या नाहीत. 'सेंट ल्यूक' नावाच्या एका मंडळाच्या त्या वयाच्या चौदाव्या वर्षापासून सभासद होत्या. हे मंडळ १८६७ साली मेरी प्राउट नावाच्या बाईंनी बाल्टिमोर शहरात सुरू केले होते. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी द्यायची. कोणी आजारी पडले तर औषधपाण्याला मदत आणि कोणी वारले तर अंत्यविधीचा खर्च त्या वर्गणीतून व्हायचा. आपल्या भिशीची ही सावत्र बहीणच म्हणा.

१८९९ साली हे मंडळ बुडण्याच्या बेताला आले. तिजोरीत शिल्लक होते ३१ डॉलर ६१ सेंट आणि देणे होते सुमारे ४०० डॉलर. अशा वेळी मॅगीबाईंना मुख्य चिटणीस नेमले. आधीच्या गृहस्थांना वर्षाला ३०० डॉलर पगार होता. बाईंनी १०० डॉलरवर काम पत्करले. त्या गावोगाव फिरल्या, सभा घेतल्या आणि नवे सभासद केले. हिशेबाच्या वह्या नीट लावल्या. १९०१ साली मंडळाच्या सभेत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: आपले वर्तमानपत्र, आपले दुकान आणि आपली पेढी. त्यांचे म्हणणे सरळ होते. आपण घाम गाळून पैसा मिळवितो आणि तो परक्यांच्या पेढीत नेऊन ठेवतो. त्या पैशाच्या बळावर ते मोठे होतात आणि आपल्याला मात्र दारात उभे करीत नाहीत. तो पैसा आपणच सांभाळला, तर आपल्याच माणसांच्या उपयोगी पडेल.

बोलणे सोपे, पण पेढी चालवायची कशी? मॅगीबाई रिचमंडमधल्या एका मोठ्या बँकेत काही महिने रोज थोडे तास जाऊन बसल्या आणि ते काम शिकल्या. तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती आणि घरी मुले होती. मला ह्या हकीकतीतले हे सर्वांत आवडते. त्यांनी आपल्याला येत नाही हे लपविले नाही आणि येत नाही म्हणून काम सोडलेही नाही.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. पेनी म्हणजे आपला पैसा. पहिल्याच दिवशी सुमारे तीनशे माणसे आली आणि नऊ हजार डॉलरांच्या वर रक्कम गोळा झाली. कोणी शंभर डॉलर ठेवले, कोणी चार-दोन. एका माणसाने ३१ सेंट ठेवून खाते उघडले. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, म्हणजे एक डॉलरचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. पण त्यालाही खाते मिळाले. अमेरिकेत पेढी स्थापून तिची अध्यक्षा होणाऱ्या ह्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या देशात बायकांना मताचा हक्क सर्वत्र मिळाला तो १९२० साली. म्हणजे मत देता येण्याच्या सतरा वर्षे अगोदर ही बाई बँक चालवीत होती.

ते ३१ सेंट ऐकले आणि माझी लाटणी थांबली. माझी स्वतःची एक गोष्ट आजवर मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात साडेअकरा हजार रुपये होते. सात वर्षे साठविले होते. ब्लाउज शिवून आणि दिवाळीला चकल्या करून देऊन मिळविलेले. माझ्या नावाचे खाते नव्हते. खाते उघडायला मी एका बँकेत गेले, तर गर्दीत खिडकीवरच्या माणसाने अर्ज परत सरकवला आणि म्हणाला, "बाई, घरातल्या कोणा शिकलेल्या माणसाला घेऊन या." मी लिहून आणलेला अर्ज त्याने पाहिलाही नव्हता. मी परत आले. रात्री डबा ह्यांच्यापुढे ठेवला. हे रागावले नाहीत, पण म्हणाले, "इतके दिवस लपविलेस?" पैसे ह्यांच्या खात्यात भरले गेले आणि पुढे घराच्याच कामाला लागले. वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण ते माझे होते, हे पुढे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. हळूहळू माझ्याही राहिले नाही.

असो. मॅगीबाईंच्या वाटेत काटे कमी नव्हते. १९०५ साली काढलेले मोठे दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही वर्षांत बंद करावे लागले. १९१५ साली तर घरावर वज्राघात झाला. रात्री घरात चोर शिरला असे समजून मुलाने गोळी झाडली आणि ती त्याच्या वडिलांना लागली. ते गेले. मुलावर खटला झाला, त्यात तो निर्दोष सुटला. एका घरात पतीचे प्रेत आणि मुलाच्या हातात बेडी! अशा दिवसांत बाईंनी पेढीचे दार बंद पडू दिले नाही. पेढीच्या मदतीने १९२० पर्यंत सुमारे ६०० कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली होती. भाड्याच्या घरात दिवस काढलेल्या भगिनींना ह्या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

पुढे पाय निकामी झाले. १९२८ पासून त्या चाकांच्या खुर्चीत बसून काम पाहू लागल्या. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली आणि हजारो बँका बुडाल्या. त्या वादळात त्यांची पेढी गावातल्या आणखी दोन पेढ्यांशी एक झाली आणि टिकली. बाई तिच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षा होत्या. १५ डिसेंबर १९३४ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यांचे राहते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे आणि २०१७ साली रिचमंडमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. ज्या शहरात त्यांनी लोकांचे कपडे पोचविले, त्याच शहरात.

आपल्याकडेही हा काळ आला आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माण देशीच्या बायकांनी बँकेसाठी परवाना मागितला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून तो आधी नाकारला गेला. बायका लिहावाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली त्यांची बँक उभी राहिली. स्टेट बँकेचे मूळ १८०६ सालच्या कलकत्त्याच्या बँकेत आहे. तिच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, श्रीमती अरुंधती भट्टाचार्य, २०१३ साली आल्या. म्हणजे दोनशे सात वर्षे लागली. त्या १९७७ साली ह्याच बँकेत उमेदवार अधिकारी म्हणून लागल्या होत्या.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या भिशीचे पैसे इतकी वर्षे एकीच्या कपाटात राहिले. कोणी कधी एका रुपयाचा अपहार केला नाही, हे भूषण आहे. पण कपाट म्हणजे पेढी नव्हे. मागच्या वार्षिक सभेत मंडळाचे खाते काढण्याचा ठराव आला, तेव्हा पुष्कळजणी म्हणाल्या की बँकेची कटकट कोण करणार. खजिनदार म्हणून माझे नाव सुचविले गेले. मी "माझे शिक्षण कमी" म्हणून नाही म्हटले आणि खाली बसले. खरे सांगायचे तर ती खिडकी मला आठवली होती.

ह्या वर्षी तो ठराव पुन्हा येणार आहे. माझे नाव कोणी सुचविले तर मी उभी राहीन. बँकेत जाऊन जे येत नाही ते विचारीन. एकदा सांगून कळले नाही तर दुसऱ्यांदा विचारीन. हिशेबाची वही दर महिन्याच्या सभेत सर्वांपुढे उघडी ठेवीन. तुम्ही मात्र ती वाचली पाहिजे आणि चूक दिसली तर तोंडावर सांगितली पाहिजे.

आणि एक विनंती. ज्यांच्या नावाचे खाते नाही अशा भगिनींनी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मंडळाच्या ओट्यावर जमावे. आपण मिळून जाऊ. गेल्या वर्षी माझे खाते उघडले आहे, वाट माझ्या पायाखालची आहे. किती रुपये आणायचे ह्याची लाज बाळगू नये.

लेखात काही उणे असेल ते पदरात घ्यावे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
मंडळाची एक सभासद