सातबाऱ्यावर आपण, शिरगणतीत मात्र मुंबईकर

गणपतीच्या दिवसांत आपल्या सोसायटीत किती दारांना कुलूप लागतं ते वॉचमनला विचारा. बहुतेक सगळे रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गातले. माझी अख्खी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर या दोन जिल्ह्यांचीच गोष्ट सुचली.

खरं म्हणजे जिल्हा एकच होता, रत्नागिरी. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं तेही त्यातच आलं. सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम निघालं की रत्नागिरी गाठावी लागे, म्हणजे दिवस मोडलाच! १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि कचेरी ओरोसला आली. आज तिथे ८ तालुके आहेत.

त्याआधी गावाचा कारभार म्हणजे खोत. सरकारचा सारा तो भरी आणि कुळांकडून किती घ्यायचं तेही बहुधा तोच ठरवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मग तलाठी आला, १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आली. पण तोवर माणसं बोटीने मुंबईला लागली होती. गिरणीत, गोदीत, घरकामाला. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची, वर खोताचा वाटा. राहून करणार काय?

आता आकडे बघा. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्याच १० वर्षांत महाराष्ट्र पावणेदहा कोटींच्या आतून सव्वाअकरा कोटींच्या घरात गेला. राज्यात आणखी एकच जिल्हा घटला, तो मुंबई शहर. हसू नका, त्यातही आपणच आहोत! लालबाग-परळच्या खोल्या सोडून उपनगरात आलो ते कोण?

रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, राज्यात ९२९. त्यात कौतुकासारखं काही नाही. बाप्ये इकडे आणि घर, शेत, म्हातारी माणसं सांभाळायला बायका तिकडे, असा त्याचा अर्थ.

लोक म्हणतील, कमी झाली माणसं तर झाली. पण सरकारदरबारी डोकी मोजूनच माप पडतं. ग्रामपंचायतीत ७ सदस्य की ९, हे लोकसंख्येवर ठरतं. २००१ च्या आकड्यांवरून मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीला रत्नागिरीचे आमदार ७ चे ५ झाले, सिंधुदुर्गाचे ४ चे ३. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघ तर नावानिशी गेला. रस्ता नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून आपण गावी गेल्यावर कुरकुर करतो, पण ते बोलायला विधानसभेत तिथली ३ माणसं कमी आहेत ती आपण इथे असल्यामुळे.

गंमत म्हणजे जमिनीच्या कागदावर आपण सगळे गावातच आहोत. आजोबांच्या नावावरचा १० गुंठ्यांचा तुकडा, त्यावर वारस २५-३०, सह्यांना बोलवायचं तर अर्धे कल्याण-विरारला आणि एखादा दुबईत. आंब्याचं कलम लावायला कर्ज काढायचं तर सगळ्यांची संमती लागते. अशा सातबाऱ्यापुढे मी तलाठ्यांना हात टेकताना पाहिलंय. गावी राहिलेली काकी ती जमीन कसते, पण तिच्या एकटीच्या सहीने काही हलत नाही.

कोरोनामुळे लांबलेली जनगणना आता २०२७ मध्ये आहे. आपण राहतो इथे, तेव्हा मोजले जाणार इथेच, त्यात लबाडी नको. पण गावच्या घरी जे खरोखर राहतात, त्यांना फोन करा. वाडी आडबाजूला असते, म्हातारं माणूस दार लोटून परड्यात गेलेलं असतं आणि प्रगणक कुलूप समजून पुढे जातो. तेवढं एक डोकं तरी सुटू नये. आणि वाटणीची कागदपत्रं करायची असतील तर येत्या गणपतीत सगळे भाऊ गावी असतानाच करून घ्या. अर्ज कसा लिहायचा ते सांगायला मी दुसऱ्या मजल्यावर आहेच.