कुत्र्यांसाठी बंद पडलेली मुंबई



नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! नाथबाबांनी रामेश्वरासाठी नेलेली कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, तीही तशीच. ऐकताना डोळे पाणावतात, आणि मंडपातून बाहेर पडताना दारातल्या कुत्र्याला आपण ‘हाड’ म्हणतो. संतांना ते साधले, आपण प्रापंचिक, असे म्हणून सुटता येते. म्हणून आज प्रापंचिकांचीच एक हकीकत सांगतो.

साल १८३२. मुंबईत इंग्रजांचा अंमल. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम आधीपासून होता. त्या वर्षी त्याची मुदत वाढवली गेली. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती खोटी नव्हती, हेही खरे. पण मारणाऱ्या शिपायांना दर कुत्र्यामागे पैसे मिळत. मग पिसाळलेले कोण आणि पाळलेले कोण, हे कोण बघतो? उंबऱ्यावरची कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला फार मान. अंत्यविधीतही मृताजवळ कुत्रा आणतात. जूनमध्ये कोटात पारशी लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली नाहीत. हिंदू, जैन, मुसलमानही त्यांना मिळाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सरकारने फौज आणली, धरपकड केली.

दंगल मोडली. मारामारी झाली ती काही भूषणाची गोष्ट नव्हे. मला मोल वाटते ते त्यानंतरच्या कामाचे. जमशेटजी जिजीभाईंसारखे प्रतिष्ठित व्यापारी पुढे झाले. कुत्री मारू नका, धरून शहराबाहेर न्या, असे त्यांनी सरकारला विनवले. पण धरलेल्या जिवांना ठेवायचे कुठे, खाऊ घालायचे कोणी? या प्रश्नावर थांबले असते तर सारा कळवळा वाया गेला असता. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन समाजातले शेठ मोतीशा यांनी मिळून मुंबईचा पांजरपोळ उभा केला. एक पारशी, एक जैन.

आणि खर्चाची सोय कशी केली? नुसत्या देणगीवर विसंबले नाहीत. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर ठराविक रक्कम पांजरपोळासाठी बाजूला काढायची, असे ठरवले. कापसाची गाठ विकली की तिच्याबरोबर जनावरांचा वाटाही निघाला. (जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातली, त्यात अफूही होती. माणसाचे पुण्य आणि धंदा नेहमी एका रांगेत बसत नाहीत.) कळवळा आज येतो, उद्या ओसरतो, वैरण मात्र रोज लागते. हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले. भुलेश्वरचा पांजरपोळ आजही चालू आहे. भर बाजारात गाई उभ्या असतात, आणि संक्रांतीला लोक त्यांना चारा घालायला गर्दी करतात.

साधारण त्याच काळात हैबतबाबा आरफळकर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावत होते. त्या शिस्तीत जनावरे पहिल्यापासून आहेत. अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आहे, रथाचे बैल आहेत. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्या आपण हात जोडून पाहतो. पण दिंडीच्या सामानाच्या गाडीचा बैल लंगडू लागला, किंवा वाहनाखाली कुत्रे सापडले, तर काय करायचे हे आपल्या किती दिंड्यांत ठरलेले असते?

आपण दिंडीत भिशी भरतो. तंबू, किराणा, टँकर, सगळ्याचा हिशेब विणेकरी-चोपदारांपासून सर्वांना ठाऊक असतो. त्याच वहीत मुक्या जनावरांच्या नावाने एक रकाना घालता येईल. माणशी दहा रुपये धरले तरी दोनशे वारकऱ्यांच्या दिंडीत दोन हजार रुपये होतात. मुक्कामावर पाण्याची एक डोणी, मलमपट्टीचे सामान, जखमी जीव दवाखान्यात नेण्याचे भाडे, एवढे त्यात भागते. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी सरकारचा १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो दिंडीप्रमुखांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. यंदाची भिशी ठरवायला बहुतेक दिंड्या वैशाखात बसतील, तेव्हा हा विषय निघावा.