गोष्ठींतील करामती

एखाद्या समाजाची पारख जशी त्याच्या लढायांवरून आणि कायद्यांवरून होते, तशीच ती चार माणसें फावल्या वेळीं एकत्र बसल्यावर काय करतात यावरूनही होते. घरांत पाहुणे जमले, खाणेंपिणें झालें, म्हणजे "आतां कांहीं तरी करून दाखवा" असा आग्रह सुरू होतो. मग कोणी पत्त्यांची हातचलाखी दाखवितो, कोणी नकला करतो, कोणी जीभ अडखळेल असें वाक्य भरभर म्हणून दाखवितो. ही रीत क्लब आणि चहापार्ट्या यांच्याबरोबर विलायतेहून आली असावी असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः अशा करामतींची चांगली लांबलचक यादी आपल्याकडे निदान दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे.

ही यादी वात्स्यायनाच्या कामसूत्रांतली. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचें तिसरें-चौथें शतक असा धरतात. चौसष्ट कलांत गीत, नृत्य, चित्र यांची थोरवी सर्वांना मान्यच आहे. पण त्यांच्याच पंक्तीला वात्स्यायनानें कोणत्या गोष्टी बसविल्या आहेत तें पाहण्यासारखें आहे. हस्तलाघव आहे, ऐंद्रजाल आहे. पाण्यावर थाप मारून मृदंगासारखा नाद काढण्याचें उदकवाद्य आहे. सूत्रक्रीडा आहे, दोरा तोडून वा जाळून तो पुन्हां अखंड दाखविणें असा तिचा अर्थ यशोधरानें आपल्या जयमंगला टीकेंत दिला आहे. प्रहेलिका म्हणजे कोडीं घालणें, दुर्वाचकयोग म्हणजे उच्चारावयास अवघड असे श्लोक म्हणणें, काव्यसमस्यापूरण म्हणजे दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करणें, याही कलाच. प्रतिमाला म्हणून जी कला सांगितली आहे, तिला लोक अंत्याक्षरिका म्हणतात असें हाच टीकाकार सांगतो. आपल्या घरोघरच्या भेंड्या त्या याच!

या कला कोणासाठीं, या प्रश्नाचें उत्तर याहून महत्त्वाचें आहे. वात्स्यायन त्या नागरकाला, म्हणजे शहरांतील सुखवस्तु रसिकाला, शिकावयास सांगतो, तशाच स्त्रियांनाही सांगतो. कलांत निपुण असलेली गणिका राजसभेंत मान पावते, हें त्यानें नमूद केलेंच आहे. पण त्यापुढें जाऊन तो म्हणतो कीं, पतीचा वियोग होऊन दारुण संकटांत सांपडलेली स्त्री परमुलखांतही या विद्यांच्या जोरावर सुखानें राहूं शकते. म्हणजे ज्याला आपण वेळ घालविण्याचें साधन समजतों, तेंच कोणा एकीच्या पोटाचें आणि अब्रूचें साधन होऊं शकतें, याची जाणीव त्या ग्रंथकाराला होती.

अशा कला दाखविण्याची जागा म्हणजे गोष्ठी. तिचे नियम मोठे मार्मिक आहेत. गणिकेच्या घरीं, सभागृहांत वा एखाद्या नागरकाच्या घरीं विद्या, बुद्धि, शील, वित्त आणि वय यांनीं समान असलेल्यांनीं जमावें व काव्याच्या आणि कलांच्या समस्यांवर चर्चा करावी. केवळ संस्कृतांत बोलूं नये, केवळ देशभाषेंतही बोलूं नये. जी गोष्ठी लोकांच्या द्वेषाला पात्र झाली, जी स्वैर सुटली, जी दुसऱ्याच्या अहितांत रमते, तिच्यांत शहाण्यानें पाऊलही टाकूं नये. थट्टेचें रूपांतर निंदेंत व्हावयास किती थोडा वेळ लागतो, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा शेवटचा नियम सुचेल. येथें कलावंत एकीकडे आणि प्रेक्षक दुसरीकडे अशी फाळणी नाहीं. आज जो कोडें घालतो त्याला उद्यां कोडें सोडवावें लागतें.

या खेळांचा ठसा वाङ्मयावरही उमटला. बाणाच्या कादंबरींतील शूद्रक राजा अक्षरच्युतक, बिंदुमती, प्रहेलिका अशा विनोदांत वेळ घालवितो. बिंदुमती म्हणजे श्लोकांतील व्यंजनांच्या जागीं नुसते बिंदु मांडावयाचे, स्वरांच्या खुणा तेवढ्या ठेवावयाच्या आणि मूळ श्लोक समोरच्यानें ओळखावयाचा. दंडीनें तर कमालच केली. दशकुमारचरिताच्या सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेच्या दंतक्षतानें दुखावलेला आहे, म्हणून तो आपली सारी हकीकत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारतां सांगतो. प, फ, ब, भ, म यांवांचून एक संबंध प्रकरण! पुढें अठराव्या शतकांत आपल्या मोरोपंतांनीं अष्टोत्तरशत रामायणें रचतांना निरोष्ठ रामायणही लिहिलें. अशा रचनेंत रस कमी आणि कसरत अधिक, असा आक्षेप येतो व तो सर्वस्वी खोटा नाहीं. परंतु भाषेच्या अंगीं जी लवचिकता येते, ती अशा तालमींतूनही येते हें विसरतां कामा नये.

महाराष्ट्रांत ही परंपरा केवळ पंडितांनीं राखली नाहीं. उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडें. पतीचें नांव उघड घेऊं नये या रूढींतून तें यमकांत गुंफून घेण्याची युक्ति निघाली आणि तिलाही उखाणा हेंच नांव मिळालें. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना नांव घ्यावयास लावतात, तेव्हां ज्यांना पाटीपेन्सिल कधीं मिळाली नाहीं अशा स्त्रियांनींही पिढ्यान्‌पिढ्या काव्यसमस्यापूरण चालू ठेवलें, असेंच म्हणावें लागतें.

मात्र करामत आणि थोरवी या दोन गोष्टी एक नव्हेत. अवधानाचें उदाहरण घ्या. अवधानी एकाच वेळीं अनेक पृच्छकांना तोंड देतो. कोणी समस्या घालतो, कोणी अमुक अक्षर वर्ज्य करतो, कोणी मध्येंच भलतेंच बोलून लक्ष उडवितो, कोणी घंटेचे टोले देतो. शेवटीं सर्व कांहीं क्रमवार सांगावयाचें. मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें १८८७ सालीं श्रीमद् राजचंद्र यांनीं शतावधान करून दाखविलें, तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. एवढी कीर्ति हातीं आली असतां त्यांनीं थोड्याच काळांत हे प्रयोग सोडून दिले. १८९१ सालीं विलायतेहून परतलेल्या गांधीजींनीं त्यांच्यापुढें युरोपीय भाषांतील आपल्याजवळचे सारे शब्द रिते केले, आणि राजचंद्रांनीं ते त्याच क्रमानें परत सांगितले. गांधीजींनीं आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे कीं, या शक्तीचा आपणांस हेवा वाटला, पण भुरळ पडली नाहीं. भुरळ पाडली ती त्यांच्या शास्त्रज्ञानानें, निर्मळ चारित्र्यानें आणि आत्मदर्शनाच्या तळमळीनें.

तेव्हां करामतीचें मोल तिच्या आश्चर्यांत नाहीं. जी करामत चार माणसांना बोलतें करते, लाजऱ्याला जागा देते, हरणाऱ्यालाही हंसवते, ती गोष्ठीची कला. जी केवळ एकट्यासाठीं टाळ्या मागते, तो खेळ. आज जगांतले उत्तमोत्तम जादूगार आणि गवई घरबसल्या पडद्यावर दिसतात, आणि त्यांच्यापुढें घरच्या मुलाची अडखळती नक्कल किंवा आजीचा उखाणा फिका वाटूं लागतो. पण पडदा आपल्याला कधीं "आतां तुमची पाळी" असें म्हणत नाहीं. वात्स्यायनाच्या गोष्ठीचें सारें मर्म त्या पाळींत होतें. ती आपल्या घरांतून गेली, तर प्रेक्षक तेवढे उरतील, गोष्ठी उरणार नाहीं.