मूठभर वाळू आणि दोन डोळे



आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुले बासरच्या सरस्वतीपुढे पहिले अक्षर गिरवून आली आहेत. या क्षेत्राची आख्यायिका अशी, की व्यासमुनी गोदावरीत स्नान करून परतताना रोज तीन मुठी वाळू आणीत. त्या वाळूच्या ढिगांतून सरस्वती, लक्ष्मी आणि काली साकारल्या. म्हणजे निराकार वाळूत रूप दिसणे, हीच इथली मूळ कथा.

सीमेपलीकडे माहूर आहे. तिकडचा किनवट तालुका १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. माहूरची रेणुका म्हणजे तांदळा: पूर्ण मूर्ती नव्हे, केवळ शेंदूरचर्चित मुख. गावोगावच्या म्हसोबाचेही तेच. दगडाला शेंदूर फासून डोळे बसवले, की तो आपल्याकडे पाहू लागतो. चेहरा दिसायला दोन डोळे पुरतात, हे पूर्वजांनी ओळखले होते.

याचे कारण आपल्या घडणीत आहे. नुकते जन्मलेले बाळही चेहऱ्यासारख्या आकृतीकडे नजर वळवते. झुडपात नसलेला वाघ दिसला तर क्षणभर भीती वाटते; असलेला दिसला नाही तर जीव जातो. म्हणून मेंदू चुकायचेच तर ‘आहे’ म्हणून चुकतो. १९७६ साली व्हायकिंग-१ यानाने टिपलेल्या मंगळाच्या छायाचित्रात माणसाचा चेहरा दिसला. २००१ च्या स्पष्ट छायाचित्रात ती साधी टेकडी निघाली.

मग श्रद्धा खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. तांदळ्याला डोळे आपण बसवतो, हे भक्ताला ठाऊक असते. त्यात फसवणूक नाही. धोका निराळाच आहे. घरात मूल आजारी पडले, गाय आटली, आणि शेजारची एकटी बाई दारावरून गेली होती. एवढ्यावर मन संगती जुळवते. मराठवाड्यात आणि तेलंगणात ‘भानामती’च्या संशयाने अनेकांचा छळ झाला, तो याच खोडीमुळे. महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला.

अक्षर तरी काय, रेघांत दिसलेला अर्थच. पण तो दुसऱ्याने वाचून पडताळता येतो. बासरहून परतलेल्या मुलाला एवढे सांगावे: दिसले ते जरूर पाहा, पण कोणावर बोट रोखण्यापूर्वी पुन्हा वाचा.